पहिल्या कपातली गोळी

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. इंजेराची अकरावी पोळी तव्यावरून उतरवून अस्नाकेचने हात पुसले, पाण्याबरोबर एक गोळी गिळली आणि पुन्हा आंबलेलं पीठ कडेकडून आत गोल ओतायला घेतलं. आज एकशेवीस करायच्या होत्या. उद्या मुलीचं, रेडिएतचं, लग्न.

वर्षापूर्वी याच तव्यासमोर ती जाड शाल गुंडाळून पेंगायची. अंग जड, केस विरळ, आवाज घोगरा. शेजारीण तोयबा टोमणा मारायची, "चुलीपाशी बसून थंडी वाजते म्हणे! आळसाला नवं नाव काढलंस."

थंडीचं अस्नाकेचला विशेष काही नव्हतं. घोर होता आवाजाचा. नवरी उंबरठा ओलांडते तेव्हा जीभ नाचवून द्यायची आनंदाची पहिली आरोळी इथिओपियातल्या देस्से शहराच्या त्या गल्लीत वीस वर्षं तिचीच. आता घशातून नुसती खरखर निघत होती.

दवाखान्यात रक्त तपासलं. सिस्टर हिवोत म्हणाली, "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी शरीराची आच राखते. तुमची मंदावलीय. रोज एक गोळी, बहुधा जन्मभर."

तीन महिने एकही दिवस चुकला नाही. तपासणीतला आकडा मात्र जागचा हलेना.

"गोळी घेता कशाबरोबर?"

"कॉफीबरोबर. एकाच पुडीवर तीनदा उकळतो ना, त्या तीन कपांतला पहिला सगळ्यात कडक. म्हटलं, त्यात औषध जोरात लागू पडेल."

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो अक्का, कॉफी गोळीला अंगी लागूच देत नाही! उपाशीपोटी, पाण्याबरोबर. पुढे तासभर कॉफी नाही."

"तासभर? त्यापेक्षा आजार बरा."

पण ऐकलं. दोन महिन्यांत शाल खुंटीला गेली. आवाजाने आणखी वेळ घेतला.

साडेपाचला तोयबा कॉफीचे दाणे भाजायला आली. "उद्या आरोळी कोण देणार गं? मी देऊ?"

"तू दिलीस तर वऱ्हाड वाटेतूनच परत फिरेल."

अस्नाकेचने पिठाचं भांडं खाली ठेवलं, मान वर केली आणि आरोळी दिली. लांब, उंच, कुठेही न फाटणारी. समोरच्या घरातून कुणीतरी लगेच साथ दिली, खालच्या घरातून आणखी दोघींनी. आतून रेडिएत ओरडली, "आई, लग्न उद्या आहे!"

"पुरे बाई," तोयबा डोळे पुसत हसली, "कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील."

नवरी उद्या आठला निघेल. गोळी पाच दहाला आणि कॉफी सहा दहाला, रोजच्यासारखीच.