न उघडलेला मीटर

काटेवालीच्या दुकानात तीस वर्षांत लोकांनी जी गोष्ट सर्वात जास्त वेळा मागितली, तीच तिने एकदाही दिली नाही. गाड्यांचे मीटर दुरुस्त करणं हा तिचा धंदा. वेगाचा काटा थरथरतो, टाकी भरली तरी पेट्रोलचा काटा झोपलेलाच राहतो, असली दुखणी घेऊन लोक यायचे, म्हणून गॅरेजवाल्यांच्या त्या गल्लीत तिचं नाव काटेवाली पडलं. पण दर चौथं गिऱ्हाईक काम झालं की आवाज उतरवून म्हणायचं, मावशी, किलोमीटर तेवढे जरा मागे घ्या ना, गाडी विकायची आहे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "वय मागे घ्यायचं असेल तर न्हाव्याकडे जा. केस काळे करून देईल."

गल्लीतले बाकीचे मीटरवाले हे काम चहा गार व्हायच्या आत करून द्यायचे. वर तिलाच म्हणायचे, उगाच नाकाने कांदे सोलू नकोस, त्याने पोट भरत नाही. भरलं. थोडं कमी भरलं, पण भरलं. कारण जुनी गाडी घेणारे शहाणे लोक आधी तिला गाडी दाखवून न्यायला लागले. ती मीटर बघायच्या आधी क्लचच्या पायपट्टीचं रबर बघायची, सीटची दाराकडची कड दाबून बघायची, गिअरच्या मुठीवरून बोट फिरवायची. मग आकड्यांच्या चकत्या. एखादा आकडा रांगेत मान वाकडी करून बसलेला दिसला, की तिथे कोणाची तरी टाचणी पोचली होती हे ती लांबूनच सांगायची.

तिच्या स्वतःच्या गाडीवर मात्र गल्ली हसायची. दोन दारांची, बुटकी, टर्बो इंजिनाची ती गाडी एका शोरूमच्या काचेमागे नुसती नमुना म्हणून उभी असायची. शोरूम बंद पडली तेव्हा मालकाने ती विकायला काढली, आणि काटेवालीने घरावर मजला चढवण्यासाठी साठवलेलं सगळं तिच्यात घातलं. मीटरवर एकेचाळीस किलोमीटर होते. सासरचे म्हणाले, बाईमाणसाला असली पळणारी गाडी कशाला. माहेरचे म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. नवऱ्याने तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी फडकं घेऊन बोनेट पुसायला लागला. तो जाऊन आता नऊ वर्षं झाली. गाडी सत्तावीस वर्षांची झाली, आणि मीटर अठरा हजार आठशेच्या जरासा पुढे गेला.

कमी किलोमीटरची गाडी म्हणजे चादर घालून कोपऱ्यात ठेवलेली गाडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तसली गाडी सुरू करून बघावी. उभ्या गाडीचं रबर तडकतं, टायर एका बाजूने चपटे होतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन बसतं. गाडी वापरून झिजते, तशी न वापरूनही मरते. म्हणून काटेवाली दर रविवारी सकाळी चौदा किलोमीटर फिरायची. पुलावरून जायचं, तलावाला वळसा घालायचा आणि परत. इंजिन तापेपर्यंत ती गाडीला बाळंतिणीसारखी जपून न्यायची. मग तलावाकाठचा सरळ रस्ता आला की तिसरा गिअर टाकून पाय दाबायची. गाडी क्षणभर दम खायची आणि मग पाठ सीटला चिकटायची.

आजच्या साध्या गाड्याही याहून जोरात पळतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पण त्या गाड्या चालवणाऱ्याला काही विचारतच नाहीत. हिचं स्टिअरिंग रस्त्यातला खडा न् खडा हाताला सांगायचं, आणि चूक झाली तर ती पदरात घ्यायची नाही. त्या दोन मिनिटांसाठी काटेवाली आठवडाभर दुसऱ्यांचे काटे सरळ करायची. सत्तावीस वर्षांत तिने ते स्टिअरिंग दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नाही. मुलाने लहानपणी हट्ट केला, मोठेपणी नाद सोडला. सून शाळेची बस चालवायची, चाळीस पोरं रोज सुखरूप घरी पोचवायची, पण तिलाही कधी कोणी विचारलं नाही.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं कमी झालंय, आता गाडी चालवायची नाही. काटेवालीने ऐकून घेतलं, कारण डोळ्याचाही काटा असतो आणि तो काय दाखवतोय ते तिला कळत होतं. पण तीन रविवार गाडी उभी राहिली, तशी तिची झोप उडाली. मुलगा विमा कंपनीत कामाला, हिशेबी माणूस. तो म्हणाला, आई, कुजण्याआधी विकून टाकू. त्याने एक शौकीन शोधूनही काढला, ज्याच्याकडे अशा अकरा जुन्या गाड्या होत्या. काटेवालीने एकच अट घातली. भाव काहीही देऊ दे, पण कागदावर त्याने लिहून द्यायचं, की मीटर खरा आहे. मीटरवालीच्या गाडीचे किलोमीटर कमीच असणार, हा टोमणा तिने जन्मभर ऐकला होता. गाडी जातच असेल, तर तो टोमणा तरी तिच्याबरोबर जायला हवा होता.

शौकीन शनिवारी दुपारी आला. माणूस जाणकार होता, गाडीखाली सतरंजी टाकून आडवा झाला. इंजिन उघडलेलं नाही, रंग मूळचा आहे, दार लागताना आवाज कसा भरीव येतो, सगळं त्याने तोंड भरून सांगितलं. मग मीटरकडे बघून तो हसला. भाव चांगला देतो म्हणाला, पण कागदावर मात्र 'किलोमीटरची खात्री नाही' असंच लिहावं लागेल. तुमचा धंदाच तो, लोक मला वेड्यात काढतील. मुलगा आईला डोळ्याने खुणावत होता, की सोड ना. तिने सोडलं नाही.

"तापमानाच्या काट्यामागचा दिवा बघा," ती म्हणाली. "लागतो का?"

दिवा लागत नव्हता. तो एकोणीस वर्षांपूर्वी गेला होता. गल्लीत त्यावरून किती चेष्टा झाली होती, की हिला आपल्या गाडीतला चिमणीएवढा दिवा बदलता येत नाही. तिने शौकिनाच्या हातात टॉर्च दिला आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा दिला. डॅशबोर्डच्या खालून वर बघायला सांगितलं. मीटरच्या चारही स्क्रूंवर कारखान्यात लावलेले पिवळ्या रंगाचे ठिपके होते, अर्धे स्क्रूवर, अर्धे पत्र्यावर. एकालाही चीर नव्हती. केबल गिअरबॉक्सला जोडते तिथल्या नटावरही तसाच ठिपका होता. दिवा बदलायचा तर मीटर काढावा लागतो, आणि मीटर काढला तर ठिपके तुटतात. आयुष्यभर हजारो मीटर उघडणाऱ्या त्या बाईने हा एक मीटर कधी उघडला नव्हता. एकोणीस वर्षं अंधारून आलं की ती तापमानाचा काटा अंदाजाने वाचत होती.

शौकीन बराच वेळ आरसा धरून आडवा राहिला. उठला तेव्हा त्याचा सूर बदलला होता. त्याने तिला वाकून नमस्कार केला, खिशातून पेन काढलं, आणि मुलाने पुढे केलेल्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: मीटर खरा आहे. काटेवालीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

मग शौकीन खुशीत येऊन बोलत सुटला. उद्याच ट्रक पाठवतो म्हणाला. दिवाणखान्यात मधोमध काचेची खोली करणार, गाडीखाली चार टेकू लावणार, म्हणजे टायरही जमिनीला टेकायला नको. "आता ही एक किलोमीटरसुद्धा चालणार नाही, बाई. एवढा छोटा आकडा तुम्ही जपलात, तो मी वाढू देणार नाही."

काटेवालीने चष्मा काढला.

"मी आकडा खरा ठेवला," ती म्हणाली. "छोटा नाही ठेवला."

त्याला कळलं नाही. त्याने भाव वाढवला. तिने मान हलवली. त्याने आणखी वाढवला, तेव्हा तिने त्याची सतरंजी झटकून त्याच्या हातात दिली आणि गॅरेजचं दार त्याच्यासाठी पूर्ण उघडलं. कागद तेवढा तिने परत दिला नाही.

तो गेल्यावर मुलगा भडकला. डोळे गेले, गिऱ्हाईक घालवलंस, आता ही चालवणार कोण, असं तो बरंच बोलला. चूक त्याची नव्हती. सत्तावीस वर्षं या घरात त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, ते आईने कोणाला बदलूच दिलं नव्हतं. काटेवालीने दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं. या पोरीला विचारायला आपल्याला आंधळं व्हावं लागलं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"तुझी बस रविवारी बंद असते ना गं?" तिने विचारलं.

सुनेने हात पदराला पुसले आणि किल्लीसाठी पुढे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. बसची सवय, त्यामुळे सून पुलावर फार हळू घेत होती, आणि शेजारी बसलेली काटेवाली सवयीने, जिथे ब्रेकच नाही तिथे पाय दाबत होती. तलावाकाठचा सरळ रस्ता आला. "तिसरा टाक," सासू म्हणाली. "आता दाब. अगं, दाब, शाळेची पोरं नाहीत मागे." सुनेने दाबलं. गाडीने दम खाल्ला, दोघींची पाठ सीटला चिकटली, आणि सून मोठ्याने हसली. शेजारच्या सीटवरून मीटर दिसत नव्हता. वळसा संपला, तरी काटेवालीने किती झाले ते विचारलं नाही. तिने फक्त बोटाने पुन्हा तलावाकडे वळायला सांगितलं.