होळीत चढलं ते होळीचं

माझ्या सासऱ्यांइतका प्रामाणिक चोर साऱ्या नागपुरात शोधून सापडायचा नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात काढली, पण तिथला एक खिळासुद्धा कधी घरी आणला नाही. ऑफिसचं पेन चुकून खिशात राहिलं तर सकाळची वाट न पाहता सायकल काढून परत द्यायला निघणारा हा माणूस. पण वसंत पंचमी उलटली की त्यांच्या नजरेत फरक पडायचा. होळीचं लाकूड विकत आणायचं नसतं, मागायचंही नसतं, ते चोरायचं असतं, ही त्यांची श्रद्धा, आणि श्रद्धेच्या बाबतीत ते फार कडक. ही विद्या त्यांनी लहानपणी पेंच नदीच्या काठच्या आपल्या खेड्यात घेतली आणि नागपूरच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वस्तीत, घर बांधल्यावर तिला खरा बहर आला. लेकीसाठी स्थळ पाहायला ते आमच्या रामटेकच्या घरी आले, तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही की पत्रिका मागितली नाही. दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक केली, कान लावून ऐकलं आणि "सागवान आहे, घर चांगलं आहे" असा निर्वाळा दिला. माझ्या वडिलांना फार बरं वाटलं. पाहुणा ती चौकट निघते का ते पाहत होता, हे मला लग्नानंतर कळलं.

त्यांच्या हिशेबी वर्षाचे दोनच भाग. होळीच्या अलीकडे हिवाळा आणि पलीकडे उन्हाळा. नागपुरात महाशिवरात्र झाली की दुपारी रस्त्यावर पाऊल ठेवायला नको वाटतं, पण होळी पेटेपर्यंत सासऱ्यांच्या अंगातला स्वेटर उतरत नसे. "थंडी होळीत जळते, जवाईबापू," ते मला समजावून सांगत. "त्याच्या पयलेच स्वेटर काढला त तिले वाटंल, हे मले हाकलून राहिले." कूलरचंही तेच. वाळ्याच्या नव्या ताट्या लावून, पाइप जोडून कूलर खिडकीशी तयार उभा असे, पण त्याचं बटण होळीनंतरच दाबायचं. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला मी सासुरवाडीला गेलो. जेवणं झाली, मी आडवा झालो आणि आशेने कूलरकडे पाहत राहिलो. सासऱ्यांना माझी नजर कळली. जावयाला त्रास होऊ द्यायचा नाही आणि नेमही मोडायचा नाही, म्हणून ते खुर्ची घेऊन माझ्या उशाशी बसले आणि दुपारभर त्यांनी मला हातपंख्याने वारा घातला, तोही स्वेटर घालून. सासरा वारा घालतोय म्हटल्यावर मला कसली झोप येते. मी संकोचाने आणि ते लोकरीने, असे आम्ही दोघे चहा येईपर्यंत घामाघूम होत राहिलो.

होळीच्या मधोमध एरंड लागतो. शहरात एरंड मिळत नाही म्हणून त्यांनी घरामागे तो मुद्दाम वाढवला होता, आणि येणारीजाणारी माणसं तण समजून उपटतील या धास्तीने त्याला तारेचं कुंपण घातलं होतं. पुढच्या अंगणातल्या गुलाबाला मात्र कुंपण नव्हतं. होळीला घालायच्या माळेसाठी शेणाच्या भोकं पाडलेल्या चकत्या करतात, त्यांना आमच्याकडे चाकोल्या म्हणतात. त्या सासूबाई थापत, पण शेण आणायचं काम सासऱ्यांचं. एकदा ते खापरखेड्याच्या रस्त्याने स्कूटरवर येत असताना पोलिसाने अडवून डिकी उघडायला लावली. आत दोन पिशव्या भरून ताजं शेण. पोलिसाने विचारलं, हे काय. सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं की गाईचं आहे, म्हशीचं चालत नाही. यावर काय कलम लावावं ते त्याला सुचलं नसावं, त्याने सोडून दिलं. होळी पेटली की ज्वाळा कुठल्या दिशेला झुकते ते पाहून सासरे त्या वर्षीचा पाऊस सांगत आणि तो हमखास चुकत असे. मी एकदा भाद्रपदात धीर करून आठवण दिली. "वारा बरोबरच होता," ते म्हणाले. "पाऊस खोटा निघाला." त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

चोरीचे त्यांचे कायदे होते. झाडाच्या ओल्या फांदीला हात लावायचा नाही. एका घरातून एकच वस्तू घ्यायची. पाळण्याला आणि म्हाताऱ्याच्या काठीला शिवायचं नाही. अंधारात जायचं नाही, कारण अंधारात चोर जातात. आपण जायचं ते दुपारी, घरधनी घोरत असताना. या मोहिमेवर ते मला बरोबर नेत, कारण जावयावर कोणी संशय घेत नाही. मी बँकेतला माणूस, लोकांच्या अंगणातून स्टूल उचलून पळतोय आणि मागून सासरे दबक्या आवाजात सांगताहेत, "पाय पाहून, जवाईबापू, तुळस आहे." बायकोला हे सांगितलं तर ती म्हणायची, बाबांनी तुम्हाला नेलं म्हणजे तुम्ही त्यांना आवडता.

सगळ्यांत कडक कायदा शेवटचा. होळीत चढलं ते होळीचं. एकदा वस्तू रचली की ब्रह्मदेव आला तरी परत मिळायची नाही. समोरच्या घरात एक निवृत्त मास्तर राहत. एका वर्षी त्यांची आरामखुर्ची गेली. मास्तर होळी रचली होती त्या मैदानात आले, विनवण्या केल्या, शेवटी रागावले. सासऱ्यांनी हात जोडले, पण खुर्ची दिली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर सासऱ्यांच्या व्हरांड्यात येऊन बसले. तुमच्यामुळे मला बसायला जागा उरली नाही, असं म्हणाले आणि चहा मागितला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते तिथेच बसू लागले. पुढे तर दुसऱ्या ले-आउटच्या पोरांनी आमची लाकडं पळवू नयेत म्हणून सासऱ्यांनी होळीची राखण मास्तरांकडेच दिली. तरी खुर्ची मास्तर विसरले नव्हते. चहा गार झाला किंवा वर्तमानपत्र उशिरा आलं की तिचा विषय निघायचाच.

चारपाच वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या स्वयंपाकघराचं काम निघालं. नवा ओटा, नवी कपाटं, भिंतींना रंग. जुन्या फळ्या आणि फडताळाची दारं मागच्या अंगणात रचून ठेवली होती. होळीचं पहिलं लाकूड स्वतःच्या घरचं द्यायचं, आणि लोकांचं पाहूनपाहून घेतो तर आपलं न पाहता द्यायचं, हाही सासऱ्यांचा एक नेम. म्हणून होळीच्या सकाळी ते अंगणात जात, डोळे मिटत आणि हाताला येईल ते उचलत. त्या सकाळी त्यांच्या हाताला जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं लागलं. आत लाकूड आहे एवढं कळलं, तेवढं त्यांना पुरे होतं. आम्ही ते मैदानात नेलं, एरंडाच्या बुडाशी ठेवलं, त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. मग दुपारपर्यंत साऱ्या ले-आउटची लाकडं त्याच्यावर चढली. होळी चांगली दीड माणूस उंच झाली होती आणि सासरे खुशीत होते.

पुरण वाटून झालं, कणीक तिंबून झाली, तेव्हा सासूबाईंनी मला हाक मारली. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून पोळपाट-लाटणं चादरीत बांधून मागच्या अंगणात ठेवलं होतं, तेवढं आणून द्या, म्हणाल्या. तो पोळपाट त्यांच्या आईचा. पारशिवनीच्या सुताराकडून तिने करवून घेतलेला, आणि लग्नात लेकीबरोबर पाठवलेला. आई गेली तेव्हा सासूबाईंना वेळेवर पोचता आलं नव्हतं, आणि माहेरचं म्हणावं असं त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं. "त्याच्याशिवाय होळीची पोळी लाटली नाही मी अजून," असं त्या कौतुकाने सांगत होत्या आणि मी दारात उभा होतो. माझ्या मागे सासरे उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

अंगणात येऊन मी हळूच तोडगे सुचवले. बाजारातून नवा आणू. नव्या ओट्यावर लाटता येईल. गवंड्याकडून हरवला म्हणून सांगू. सासरे पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने ते उठले, त्यांनी अंगातला स्वेटर काढला, नीट घडी करून पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "चला." होळी पेटायच्या आधी त्यांना बिनस्वेटरचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि आता काय होणार ते मला समजलं.

मैदानात मास्तर राखणीला बसले होते. लाकडं घालायला आलेली पाचपन्नास माणसंही होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचं काही ना काही सासऱ्यांनी कधी तरी जाळलेलं होतं. सासरे मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, मले एक वस्तू परत पाह्यजे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या दिवसाची त्यांनी किती वर्षं वाट पाहिली असेल. "काहून?" त्यांनी विचारलं.

"चुकून गेली."

"सगळ्याईच्या चुकूनच गेल्या होत्या, भाऊ."

माणसं हसली. सासऱ्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी हात जोडले. मास्तरांची खुर्ची न देताना जोडले होते तेच हात. "पोळपाट आहे," ते म्हणाले. "तिच्या मायचा."

हसणं थांबलं. मास्तर उठले आणि होळीवरचं वरचं लाकूड त्यांनी स्वतः उतरवलं. पहिलं लाकूड सगळ्यांत खाली असतं, म्हणजे अख्खी होळी उतरवायला हवी होती. भर उन्हात साऱ्या ले-आउटने ती उतरवली. कुणाची खिडकी, कुणाचा बाक, कुणाचा चौरंग, सगळं पुन्हा मैदानावर पसरलं. शेवटच्या गल्लीतल्या एका बाईंनी आपल्या घरचा पाट ओळखला आणि उचलून छातीशी धरला. सासरे त्यांना घेऊन जा म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि होळी पुन्हा रचताना पाट आपल्या हाताने ठेवला. एरंडाच्या बुडाशी दुसरं काहीतरी ठेवायला हवं होतं. मास्तर आपण बसले होते ते बाकडं देऊन मोकळे झाले आणि सासरे गाठोडं काखेत घेऊन घरी निघाले.

सासूबाईंना काही सांगायचं नाही असं त्यांनी मला डोळ्यांनी बजावलं होतं. पण चादरीची गाठ सोडताना सासूबाईंची बोटं लाल-पिवळी झाली. त्यांनी बोटांकडे पाहिलं, चादरीवरच्या हळदकुंकवाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. उन्हाने रापलेला, धुळीने भरलेला, अंगात स्वेटर नसलेला नवरा त्यांच्यासमोर उभा होता. आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

"लोकाईसमोर मांगतला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काहून पण? मले सांगतलं असतं त मी राहू देला असता. इतक्या वर्षाचा तुमचा शब्द गेला ना."

"गेला त जाऊ दे वं," सासरे म्हणाले. "शब्द मी दुसरा देईन. माय कुठून आणून देऊ तुले?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग त्याच पदराने पोळपाट पुसून काढला. त्या दिवशीच्या पोळ्या जरा खारट झाल्या असं आमची ही अजून म्हणते. मला त्या गोडच लागल्या. पहिली पोळी, वाटीभर तुपाबरोबर, मास्तरांच्या घरी गेली.

दुसरा शब्द त्यांनी खरंच दिला. होळी पेटवायच्या आधी सासरे हातात पलिता घेऊन उभे राहतात आणि सगळ्यांना सांगतात की ज्याचा जीव ज्या वस्तूत असेल त्याने ती घेऊन जावी, आज मागायला लाज नाही. पण चोरी मात्र आता थांबली आहे. पाय दुखतात हे एक कारण, आणि चोरायला काही उरलेलं नाही हे दुसरं. गेल्या होळीला मी मुद्दाम दुपारी गेलो आणि चलता का म्हणून विचारलं. "काय चोरू, जवाईबापू?" ते म्हणाले. "लोकं सोताहून आणून टाकून राहिले." मैदानात जाऊन पाहिलं तर फुगलेल्या प्लायवूडची शोकेसं, सोफ्यांचे सांगाडे, कॉम्प्युटरची टेबलं. माणसं गाडीतून उतरत, टाकत आणि मागे न पाहता निघून जात. कुणाचं काय आहे ते त्यांचं त्यांनाही आठवलं नसतं.

दिवस मावळल्यावर सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की कुणाला काही परत पाहिजे असेल तर घेऊन जा. कुणी पुढे आलं नाही. लोक मोबाइल वर धरून ज्वाळांची वाट पाहत होते. सासऱ्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुणीतरी यावं, मागावं, निदान भांडावं, म्हणून ते पलिता तसाच धरून उभे राहिले. शेवटी सासूबाई नैवेद्याचं ताट घेऊन त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, आता कोणी येत नाही, पेटवा.