कुंकवाचा कोपरा

चेंदणी कोळीवाड्यातल्या दामाजीच्या मालूचा डावा खांदा होडीच्या काठावर आपटून निखळला, त्याला दोन पावसाळे उलटून गेले होते. हाडवैद्याने तो बसवला खरा, पण नीट बसला नाही. हात वर नेला की कळ थेट मानेत जायची. डोक्यावर म्हावऱ्याची टोपली घेऊन बाजार गाठणं तिच्या हातून कायमचं सुटलं. कोळ्याच्या पोरीच्या डोक्यावरून टोपली उतरली की मागे काय उरतं, ते तिला रोज जेवताना कळायचं. भावजय तोंडाने काही बोलायची नाही, पण भाताचा डाव मालूच्या ताटाशी येताना हलका व्हायचा.

म्हणून शिवण शिकायचं ठरलं. कुठे, हे मात्र ठरेना.

कल्याणला स्टेशनाबाहेर काळुराम मास्तराचं दुकान होतं. दामाजीची त्याच्याशी जुनी ओळख. तो म्हणाला, "फी कसली घेऊ तुझ्या पोरीकडून? पाठव. वर्षभर काजं-बटणं करू दे, मग बघू कातरीचं."

"आणि बसायचं कुठं?" मालूची आई सगुणा म्हणाली. "त्या चार बाप्यांच्या मांडीला मांडी लावून? नाय गो बाय."

डोंबिवलीला एका बंगल्यात नवा वर्ग निघाला होता. तिथे झालरीचे फ्रॉक, फुग्यांच्या बाह्या, सगळं नव्या चालीचं शिकवत. पण फी आगाऊ, शिवाय मशीन ज्याचं त्याने आणायचं. दामाजीने सगळं ऐकून घेतलं आणि सगुणेकडे तंबाखू मागितली. त्या वर्गाचा विषय तिथेच संपला.

राहिलं ठाण्यातलंच महिला मंडळ. दोन वर्षांचा सरकारमान्य अभ्यासक्रम, मशीन मंडळाचं, फी नावापुरती. शिकून बाहेर पडलेल्या मुली शाळांतून शिवण शिकवायला लागत. पण जागा थोड्या, प्रवेशाला कापणीची परीक्षा आणि वयाची अट. पुढच्या वर्षी मालू त्या अटीत बसणार नव्हती. तेव्हा जे काय व्हायचं ते याच वर्षी.

काळुराम मास्तराने मोठ्या मनाने दोन-तीन रविवार येऊन तिला जुन्या वर्तमानपत्रांवर झबलं आखायला शिकवलं. मालूने घरातला सगळा कागद कापून संपवला. तरी झोपेत तिला एकच दिसायचं, की कातर पुढे पुढे चालली आहे आणि कापड काही संपत नाही.

परीक्षेच्या दिवशी आई मंडळाच्या फाटकापर्यंत सोबत आली.

"पोटात गोळा आलाय गो आये."

"येवदे. अडेलतट्टू गिऱ्हाईक समोर आलं की मना पण येतो. मग मी काय करते? आणखी मोठ्यानं ओरडते."

"तिथं ओरडायचं नसतं."

"मग गप कापून ये."

आत लांब टेबलं मांडली होती. मुली बहुतेक पाचवारी नेसलेल्या, वेण्या घट्ट घातलेल्या. मालू बसली तशी मागून कुणीतरी नाक मुरडलं. "कसला गं वास येतोय?"

मालूच्या शेजारी हेमा नावाची डोंबिवलीची मुलगी होती. ती मागे वळूनही न बघता म्हणाली, "खाडीचा. ठाण्यात यायचं तर नाक घरी ठेवून यावं."

दोघी-तिघी हसल्या. मालूला हसावं की रडावं कळेना.

परीक्षक सुहासिनीबाई उंच, करड्या आवाजाच्या. वर्ग सोमवारपासून, असं सांगून त्यांनी नियम वाचून दाखवले. प्रत्येकीला मांजरपाटाचा मोजून दिलेला तुकडा. त्यातून सहा महिन्यांच्या बाळाचं झबलं बेतायचं आणि नुसतं कापायचं. कापलेले भाग आणि सगळं कातरण एकत्र बांधून, नंबराची चिठ्ठी लावून द्यायचं. "आम्ही तुकडे जुळवून पुन्हा अख्खं कापड मांडतो. कुणी किती वाया घालवलं ते त्यावरून कळतं. आणि कापडावर कसलीही खूण नको. कुठला नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. खूण दिसली तर नमुना बाद."

मालूने प्रत्येक शब्द ऐकला. मान डोलावली. कापड पुढे आलं, पांढरं, कोरं, खळीच्या वासाचं. कातर उचलण्याआधी तिचा उजवा हात कपाळाकडे गेला. कुंकवाला बोट लागलं आणि ते बोट कापडाच्या कोपऱ्यावर टेकलं.

त्यांच्या घरात कुंकू लावल्याशिवाय नवं जाळं पाण्यात जात नसे, नवं शीड डोलकाठीला चढत नसे, कोऱ्या कापडाला पातं लागत नसे. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. बाळपणापासून बघत आलेला हात आपणहून चालला.

कोपऱ्यावर लाल टिकली उमटली.

मालूच्या कानात खाडीची भरती घुमायला लागली. तिने थुंकी लावून चोळलं, तर टिकलीचा गुलाबी डाग झाला आणि पसरला. बाई दोन टेबलांपलीकडे होत्या. इकडे आल्या की संपलं. मग काजं-बटणंसुद्धा नाहीत, काहीच नाही. आयुष्यभर तो हलका डाव. तिने कातर घेतली, कोपरा कचकन कापला आणि लुगड्याच्या कनवटीला खोचला.

पुढचं झबलं तिने कसं कापलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. खडूची रेघ हलत होती की हात, कुणास ठाऊक.

गाठोडी गोळा झाली. मुली व्हरांड्यात बसल्या. कुणी डबा उघडला, कुणी फराळाचं वाटलं. हेमाने तिच्यापुढे चिवडा धरला. मालूने तो नुसता मुठीत धरून ठेवला. कनवटीतला तो इवलासा तुकडा निखाऱ्यासारखा पोटाला चटके देत होता. आता सगळे तुकडे जुळवत असतील. आता तिच्या गाठोड्यावर आले असतील.

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. टेबलांवर कापलेली कापडं पुन्हा जुळवून मांडली होती आणि अर्ध्याहून अधिक कापडांच्या कोपऱ्यांवर कुंकू होतं. कुठे टिकली, कुठे नुसतं बोट, एकीने तर सोबत हळदही लावली होती.

"मी खूण नको म्हटलं होतं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही पूजा मांडलीत."

कुणी हसेना. हेमा अडखळत म्हणाली, "बाई, कोऱ्या कापडाला कातर लावायची म्हणजे... आई म्हणते..."

"तुझी आई परीक्षेला बसली नव्हती. आणि ही हळद कुठून आली?"

"डब्यातल्या भाजीची, बाई."

आता मात्र सगळ्या हसल्या. बाईंचेही ओठ हलल्यासारखे वाटले. "निम्म्याहून जास्त मुली एकच खूण करतात, तर त्यातून ओळखायचं कुणाला? कुंकू माफ." मग त्यांनी टेबलाच्या टोकाच्या कापडावर बोट ठेवलं. "पण ह्याचा कोपराच नाही. तो कुठे गेला?"

सगळ्यांचं माफ झालं होतं. तिचंही झालं असतं.

"खाली पडला असेल, बाई," हेमा सहज म्हणाली.

"असेल. सगळ्या शोधा."

मुली वाकल्या, मालूही वाकली. टेबलाखाली अंधार होता. कनवटीतून तुकडा काढायचा, जमिनीवर टाकायचा आणि ओरडायचं, सापडला! कुणाला कळणार होतं? बोटं कनवटीपर्यंत गेलीसुद्धा. पण तुकडा थुंकीने ओला झालेला, चोळून चोळामोळा झालेला. बाईंनी तो हातात घेतला, की त्यांना सगळं वाचता येईल असं तिला वाटलं. आणि आपण "सापडला" म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटणार नाही, याची तर तिला खात्रीच होती. भीतीने तिला तेवढंही खोटं बोलू दिलं नाही.

ती उभी राहिली. सगळ्यांसमोर कनवट सोडली आणि गुलाबी तुकडा टेबलावर ठेवला.

"पडला नव्हता, बाई. मी लपवला."

"का?"

"भ्याले."

बाईंनी तुकडा बोटांनी सपाट केला आणि कोपऱ्याशी लावून पाहिला. काठ काठाला भिडला.

"कुंकवाचे मार्क कापत नाही," त्या म्हणाल्या. "लपवण्याचे कापते. कापड कमी पडलं तर शिंप्याने ते सांगायचं असतं. गिऱ्हाईक रागावतं, पण पुन्हा येतं. न सांगणाऱ्याकडे येत नाही."

"हो बाई."

त्यांनी मालूच्या झबल्याचा पुढचा भाग उचलून उजेडात धरला. "हा मुंढा तुला कुणी शिकवला?"

"काळुराम मास्तरानं. कल्याणच्या."

"फार खोल आहे. बाळाची काख उघडी पडेल. मोठ्यांचा सदरा लहान करून झबलं होत नाही. पहिल्या आठवड्यात हेच आधी विसरायचं."

मालू "हो बाई" म्हणाली आणि दारापर्यंत गेली. पहिल्या आठवड्यात म्हणजे कुठल्या, हे विचारायला ती परत वळली, पण बाईंनी पुढचं कापड उचललं होतं. हेमाने मागून तिच्या पाठीत चिमटा काढला.

"अगं, घेतलं तुला. जा आता, नाहीतर विचार बदलतील त्या."

फाटकापाशी सगुणा रिकामी टोपली उपडी करून तिच्यावर बसली होती. मालूचा चेहरा बघून ती धडपडत उठली. "काय झालं गो?"

"मुंढा चुकला," मालू म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे सोमवारपासून यायचं."