गाभा जाळलेले कांदे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी माझ्या बायकोला फसवलं. तीन वर्षं फसवलं, आणि तेही लिलीच्या कांद्यांवरून.

मी कांद्याचा व्यापारी. साताऱ्याकडून आलो तेव्हा वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहिल्या, मग दुसऱ्याच्या गाळ्यावर बसलो, मग स्वतःचा गाळा घेतला. कुणी उचलून काही दिलं नाही. नव्वदनंतर फ्लॅट घेतला तो तिसऱ्या मजल्यावर. अंगण नाही, माती नाही. बायकोने घरातच झाडं लावली. कुणाकुणाकडून फांद्या मागून आणायची आणि डालडाच्या डब्यात खोचायची. दर रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. मनीप्लांट तिने काथ्याच्या काठीवर चढवला तो पार छताला टेकला, पानं ताटाएवढी. आम्हाला मूल नाही. तिचं पान पुसणं बघून सोसायटीतल्या बायका एकमेकींकडे कसं बघायच्या ते मला दिसायचं.

समोरच्या काकू शिकलेल्या. यजमान वारलेले, मुलगी पुण्याला. त्यांच्या खिडकीत लाल लिली होती. फाल्गुनात एकेका दांड्यावर चार-चार फुलं, कर्ण्याएवढी. फुलांच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस ठरलेलं. बायको ती फुलं बघायला आमच्या दारात उभी राहायची, आत जायची नाही. म्हणून मीच गेलो.

"काकू, सहा कांदे द्या लिलीचे."

"अहो भाऊ, ही काय तुमची गोणी आहे? एक देते."

"तुमचा फ्रिज माझ्या माणसांनी जिन्याने वर आणला, विसरलात? पाच."

"दोन. तेही तुमच्या बायकोकडे बघून."

चारवर सौदा ठरला. मी हसत घरी आलो. मार्केटात गोणीतला एखादा कांदा कापल्याशिवाय मी मालाला हात लावत नाही, पण शिकलेल्या बाईच्या घरातून आलेली वस्तू कोण कापून बघतो?

लिली लावतात पावसाळा सरल्यावर. दसऱ्याला पाणी तोडायचं, पानं वाळू द्यायची, कांदे काढून सुकवायचे, आणि दिवाळीच्या सुमारास नव्या मातीत मान वर ठेवून लावायचे. बायकोने सगळं तसंच केलं. होळी आली. एका बाजूने चार वाकडी पानं फुटली, दांडा नाही. समोर काकूंची खिडकी लाल झालेली.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला काकूंनी भरल्या खोलीत, आंब्याच्या डाळीची वाटी हातात घेऊन तिला सांगितलं, "अगं, काहींच्या हाताला गुणच नसतो. देव सगळ्यांना सगळं देत नाही." बायका हसल्या. त्या कशाला हसल्या ते प्रत्येकीला कळत होतं. बायको घरी येऊन भाकरी थापत बसली.

दुसऱ्या वर्षी काकू मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "यंदा पाणी तोडलंस की कांदे माझ्याकडे आण. मीच सुकवून, तयार करून देते." दिले. लावले. पुन्हा वाकडी पानं. मग काकू घरात येऊन बाकीच्या झाडांकडे बघायला लागल्या. "हा मनीप्लांट पण पिवळा पडेल हो तुझ्या हाताखाली. माझ्याकडे राहू दे." एकेक डबा समोर गेला. तो छताला टेकलेला मनीप्लांट काठीसकट मीच उचलून त्यांच्या हॉलमध्ये नेऊन ठेवला. त्या वर्षी घरातल्या झाडांचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. बायको तिकीट काढून तो बघून आली. पानं नीट पुसलेली नव्हती, एवढंच बोलली.

त्यानंतर तिने दुधाला विरजण लावणं सोडलं. मटकीला मोड आणायचे तर शेजारच्या पोरीला बोलवायची. डोहाळजेवणाचं बोलावणं आलं की तिला ताप यायचा.

तिसऱ्या दिवाळीत काकूंकडून कांदे परत आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. बायकोने पुडी माझ्यापुढे ठेवली. "तुमीच लावा. माझा हात नगं."

मी लावायला बसलो. कांदा हातात आला की माझा अंगठा आधी मानेवर जातो. मान घट्ट तर माल चांगला. या कांद्याच्या मानेत बारीक भोक होतं. सुरी घेऊन वरून खाली उभा चिरला. मानेपासून बुडापर्यंत सरळ रेघ, काळी, जळलेली. तापवलेली सुई घातल्याशिवाय असं होत नाही. किडा वाकडा जातो. बाकीचे तिन्ही चिरले. तिन्हींचा गाभा तसाच जाळलेला.

अर्धुकं घेऊन मी समोरची बेल दाबली. काकूंनी बघितलं आणि चष्मा सारखा केला. नाही म्हणाल्या नाहीत.

"मग काय, माझी लिली गल्लोगल्ली फुलू देऊ? तुम्ही कांदे मागितलेत, मी कांदे दिले. फुलं देईन असं बोलले होते का?"

मी म्हटलं, "आणि हाताला गुण नाही, ते?"

"ते तिला पटलं, त्याला मी काय करू?" त्यांनी दार लावलं.

मी जिन्यात उभा राहून ओरडलो. सगळे मजले बाहेर आले. सेक्रेटरीची बायको म्हणाली, "जाऊ द्या हो भाऊ, झाडंच तर आहेत. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं!" हळदीकुंकवाला पहिली हसली होती ती हीच.

घरात येऊन चिरलेले कांदे बायकोपुढे ठेवले. तिने एक हातात घेतला, भोकात नख घालून बघितलं. "माझंच खुरपं लागलं असंल," म्हणाली, आणि तो कचऱ्यात टाकला. मी ओरडून सांगितलं, समजावून सांगितलं, शपथा घातल्या. ती म्हणते, तुमी माझे नवरे, तुमी असंच म्हणणार.

काकू पुढे फ्लॅट विकून लेकीकडे पुण्याला गेल्या. माझ्या बायकोची झाडं टेम्पोत घालून घेऊन गेल्या. बायको अजून दह्याला हात लावत नाही. माझ्या सांगण्याने ते सुटणार नाही. ज्या तोंडाने ते तिच्या मनात घातलं त्याच तोंडाने काढायला पाहिजे.

तेव्हा काकू, झाडं ठेवा, बक्षिसं ठेवा. गाडीभाडं मी देतो. या, माझ्या बायकोसमोर बसा, आणि सुई कोणी तापवली ते तिला तुमच्या तोंडाने सांगा. आणि तुम्ही, त्या दिवशी वाट्या हातात धरून हसलेल्या सगळ्या, तुम्हीही येऊन बसा. कधी येताय, बोला.