मुद्देमालातली पेटी

गाण्याच्या पार्टीत वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सतरंजीच्या घडीत कचरा साठतो तसे ते आपोआप साठतात. कोणाचा माइक ऐनवेळी बंद पडला, कोणाची पँट स्टेजवर उसवली, असले किस्से आमच्याकडे पोत्यानं आहेत. पण गेल्या दोन वर्षांपासून आमची मंडळी चहाला बसली की एकाच पेटीचे किस्से निघतात, आणि हसता हसता कोणीतरी उठून बाहेर जातं. बहुतेक वेळा मीच.

आमची पार्टी अमरावतीची, भीमगीतांची. मधुभाऊ पेटी वाजवतात आणि गातात. ढोलकीवर बाळू, तबल्यावर मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणतात. आणि मधुभाऊंच्या शेजारी बसून गाणाऱ्या त्यांच्या पत्नी, शोभावहिनी. पहिली ओळ यांची, दुसरी त्यांची. तीस वर्षं असंच चाललं.

मग वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. तहान लागली तरी पाणी मागता येईना. महिनाभरानं मधुभाऊंनी घरात सहज पेटी काढली आणि स्वतःच बांधलेलं रमाईचं गाणं धरलं. पहिली ओळ संपली आणि वहिनींनी दुसरी ओळ गायली, सगळ्या शब्दांसकट! डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, गाणं शिल्लक राहतं, रोज गाऊ द्या. तेव्हापासून त्या घरात नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे तेवढं एक गाणं होतं.

*

आता चोरीचा किस्सा. अकोटचा कार्यक्रम करून आम्ही परत येत होतो. वहिनींचं एक औषध अमरावतीत मिळत नव्हतं, म्हणून भरदुपारी अकोल्यात गाडी थांबवली. मधुभाऊ पेटी कधी गाडीच्या मागे ठेवत नाहीत, मांडीवर घेऊन बसतात. मेडिकलमध्ये जाताना त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. "गुरुजी, आलोच मी."

मी पाच मिनिटं बसलो. मग समोरच्या हॉटेलातून बाळूनं कचोरीची प्लेट उंच करून दाखवली. मी पेटी मागे ढोलकी-तबल्याजवळ ठेवली, दार नुसतं लोटलं आणि गेलो. ड्रायव्हर आधीच तिथं पोचला होता.

परत आलो तर मागे फक्त सतरंजी होती. माझा तबलाही गेला होता, पण त्याबद्दल हळहळायची मला आजही लाज वाटते. मधुभाऊ औषधाची पिशवी घेऊन आले. त्यांनी गाडीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या देतील, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कचोरी खाल्ली का तुमी? खाऊन घ्या. ठाण्यात वेळ लागते."

*

ठाण्यात वानखडे नावाचे हवालदार होते, मिशीवाले, मुद्देमालाची खोली त्यांच्याच ताब्यात. ते वर्णन लिहून घ्यायला बसले. बिल? नाही, पेटी मधुभाऊंच्या वडिलांनी घेतलेली. कंपनी? तिची पट्टी कधीच निघून पडली होती.

"काही खूण?"

"खालचा पंचम जरा नाकात बोलते, साहेब."

"भाऊ, पेटी दिसते कशी ते सांगा. वाजते कशी ते नका सांगू. रंग कोणता?"

मधुभाऊंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. चाळीस वर्षं हाताखाली असलेली पेटी, आणि माणसाला तिचा रंग सांगता येईना.

"तपकिरी असंन. मी गाताना पेटीकडं पाहत नाई, शोभाकडं पाहतो."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा उचललं आणि लिहिलं, 'खालचा पंचम नाकात बोलतो.'

*

मदतीसाठी कलावंतांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं ठरलं. अमरावती, अकोला, मोर्शी, चांदूर बाजार, सगळीकडचे गाणारे-वाजवणारे त्यात आहेत. दुसऱ्या कोणाचं काही गेलं असतं तर त्यानं फोटो टाकला असता. आमच्याकडेही फोटो होते, पण प्रत्येकात पेटीवर हार आणि शाल, पेटी दिसतच नव्हती. म्हणून मधुभाऊंनी एका जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग टाकलं. खाली लिहिलं, 'ही पेटी चोरीला गेली आहे. कुठं आवाज आला तर कळवा.'

तासाभरात चाळीस उत्तरं! "वा, काय सूर लागला भाऊ." "वहिनी एक नंबर." "ढोलकी जराशी मागं राह्यली." एकानं कार्यक्रमाची सुपारी द्यायला नंबर मागितला. चोरीबद्दल एक अक्षर नाही. बाळू त्या ढोलकीच्या मेसेजवरून दोन दिवस भांडत होता.

मधुभाऊंनी तेच रेकॉर्डिंग वहिनींना ऐकवून पाहिलं. त्या मोबाईलकडे बघत राहिल्या, ओठ काही हलले नाहीत.

*

लोक वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. मोर्शीचा एक गायक आपली नवी कोरी पेटी घेऊन आला. "ठेवा भाऊ, तुमची सापडेपर्यंत माही वापरा." चांदूर बाजारच्या भजनी मंडळानं त्यांची पाठवली. तिसरी मी कुठूनतरी मागून आणली.

मधुभाऊ वाजवायचे, पहिली ओळ म्हणायचे आणि थांबायचे. वहिनी भिंतीकडे तोंड करायच्या. मी आणलेली पेटी तर त्यांनी डाव्या हातानं हळूच मागे सारली.

मधुभाऊ ती उचलून बाहेर घेऊन आले. "गुरुजी, इतक्या वर्सांत शोभानं मले पैल्यांदा नाई म्हटलं." त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही.

*

चार महिन्यांनी फोन आला. अकोल्यात पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा आहेत, त्यांचा.

"भाई, एक पेटी आली हाये दुरुस्तीले. खालचा पंचम नाकात बोलून राहिला."

ग्रुपवरच्या एवढ्या लोकांत रेकॉर्डिंग पेटीसाठी ऐकणारा हा एकटा निघाला. मधुभाऊंनी घाईनं विचारलं, "चाचा, तुमी दुरुस्त तर नाई केला?"

"पागल हाये का मी? सुधरवला असता तर ते तुमची कशी राह्यली असती?"

पोलिसांनी पेटी ताब्यात घेतली. पण जो माणूस ती दुरुस्तीला घेऊन आला होता, तो म्हणाला, मी रीतसर विकत घेतली, हा घ्या कागद. मधुभाऊंकडे कागद नव्हता. निकाल कोर्ट देईल, तोवर पेटी मुद्देमाल म्हणून ठाण्यातच राहील, असं ठरलं. तबला आणि ढोलकी शेवटपर्यंत मिळाली नाहीत.

मधुभाऊ खोलीच्या जाळीतून पेटीकडे बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "साहेब, न्यायची मनाई हाये. वाजवायची तर नाई ना?"

वानखडे हवालदारांनी कागद खालीवर वाचला. "नेता येत नाई असं लिवलं हाये. वाजवू नका असं कुठंच नाई लिवलं. थांबा, मोठ्या साहेबांले विचारतो."

मोठे साहेब म्हणाले, वाजवू द्या, पण पेटी दाराबाहेर जाता कामा नये.

*

मंगळवारी वहिनींना एसटीनं अकोल्याला नेलं. बाळूनं आणि मी धरून त्यांना ठाण्याच्या पायऱ्या चढवल्या. बाकावर बसलेले लोक आमच्याकडे आरोपी बघावेत तसे बघत होते.

मधुभाऊंनी पहिली ओळ म्हटली. वहिनी गप्प. हवालदार जमिनीकडे बघायला लागले. मधुभाऊंनी पुन्हा तीच ओळ म्हटली, आणि वहिनींनी दुसरी उचलली. आवाज बारीक, पण शब्द सगळे जागच्या जागी.

मी बाहेर जाऊन रडलो. आत रडलो असतो तर कोणीतरी माझी तक्रार लिहून घेतली असती.

*

मग दर मंगळवार ठरून गेला. तपासणीला आलेले अधिकारी विचारायचे, हे काय चाललंय? वानखडे सांगायचे, "मुद्देमालाची पाहणी चालू हाये, साहेब."

एकदा दोन सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मारामारी करून आले. एकाच्या डोक्याला पट्टी, दुसऱ्याचा शर्ट फाटलेला, दोघंही दारातूनच ओरडत होते.

"चूप बसा," हवालदार म्हणाले. "गाणं चालू हाये. आटोपलं की मंग द्या एकमेकाले शिव्या."

जागा नव्हती, म्हणून दोघं एकाच बाकावर बसले. गाणं संपलं तरी उठेनात. शेवटी धाकट्यानं विचारलं, "साहेब, उद्या आलो तर चालंन काय?" ते उद्याही आले नाहीत आणि नंतरही नाहीत.

*

कोर्टाचा निकाल मधुभाऊंच्या बाजूनं लागला. त्याच्या नऊ दिवस आधी वहिनी गेल्या. दुसरा झटका आला, अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आदेशाचा कागद घेऊन मी मधुभाऊंसोबत अकोल्याला गेलो. वार मंगळवार होता. मधे मंगळवार चुकला होता, पण हवालदारांना कारण माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीसारख्या दोन खुर्च्या मांडल्या, पेटी काढून स्टुलावर ठेवली आणि दाराकडे बघत म्हणाले, "वहिनी मागून येऊन राहिल्या का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांना कळलं. दुसरी खुर्ची उचलायला ते वाकले, तसे मधुभाऊ म्हणाले, "असू द्या."

माल ठीक आहे का ते पाहून मगच पावतीवर सही करायची असते. मधुभाऊंनी भाता उघडला. पहिली ओळ म्हटली आणि थांबले. दुसरी ओळ जेवढी चालते तेवढा वेळ नुसती पेटी वाजवली, मग तिसरी म्हटली, पुन्हा थांबले. सगळं गाणं असंच झालं. मध्ये टेबलावरचा फोन वाजला, तो कोणी उचलला नाही.

हवालदारांनी पावती पुढे केली. "करा सही, भाऊ. पेटी तुमची झाली. घरी न्या आता."

मधुभाऊंनी पेटीचं झाकण लावलं, ती स्टुलावरच राहू दिली आणि आपली पिशवी खांद्याला अडकवली.

"पुढच्या मंगळवारी नेतो, साहेब."