आईची वेल

परवा सांगलीत शेजाऱ्यांनी चुना भिजवला आणि त्या गरम, उग्र वासाने मी साताऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

लढाईचे दिवस होते. मी बोर्डिंगमधून सुट्टीला आले होते. हात भाजल्यामुळे आई मिरजेच्या दवाखान्यात होती. ती येण्याआधी घर उजळावं म्हणून बाबांनी रंगारी बोलावला होता. दाराच्या कडेने आईने गेरूची वेल काढलेली होती. तिथे आल्यावर रंगाऱ्याने कुंचा थांबवला.

"आवं सायेब, बाईसायबांची वेल ऱ्हाऊ द्यायची न्हवं?"

"सगळं पांढरं करा. ती नवी काढील."

आई आली, पण तिची बोटं मिटत नव्हती. कोऱ्या भिंतीकडे बघून ती म्हणाली, "छान झालंय."

बाबांनी वाटीत गेरू कालवला आणि ते स्टुलावर चढले. "कुठून सुरू करू?"

"अहो, आधी उतरा. वेल खालून चढते."

बाबांची पानं वांग्यांसारखी निघाली. आई हसली, मीही हसले. तेव्हा मला ती गंमतच वाटली. आता आठवतं ते एवढंच, की वेल पुरी होईपर्यंत बाबांनी आईच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही.