वेदारण्यमची गाडी कमलाक्षी चालवते

तंजावुरच्या सरकारी शाळेत कमलाक्षीने तीस वर्षं दुपारच्या जेवणाचं केंद्र सांभाळलं. रोज दीडशे मुलांचा भात, सांबार आणि अंडी. एवढ्या मोठ्या पातेल्यांशी झुंजलेल्या बाईला मोटारीची काय भीती, असं ती पुढे म्हणायची. खरं तर पहिल्या दिवशी शिकवणीच्या गाडीत बसली तेव्हा तिने स्टिअरिंगऐवजी दाराची मूठच घट्ट धरली होती. तेव्हा तिला एकसष्टावं लागलं होतं.

शिकायला ती नवऱ्यामुळे गेली. सांबशिवराव सरकारी बसचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं एकच मार्ग: तंजावुर, तिरुवारूर, नागपट्टणम, वेदारण्यम आणि परत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली, दोन वर्षं हौसेने चालवली आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, पण कडेचं धूसर झालं होतं. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायची नाही. सांबशिवराव रोज सकाळी खाली जाऊन इंजीन सुरू करायचे, पाच मिनिटं आत बसायचे, बंद करून वर यायचे. तीन महिने हे बघितल्यावर कमलाक्षीने एक दिवस भजनाला जाते म्हणून सांगितलं आणि ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या दुकानात जाऊन नाव घातलं.

पहिल्या परीक्षेत तिने गाडी मागे घेताना खांब पाडला. दुसऱ्या वेळी खांब वाचला. लायसन आलं त्या दिवशी तिने ते नवऱ्याच्या कॉफीच्या टवऱ्याशेजारी, पसरट पितळी वाटीशेजारी, ठेवलं.

सांबशिवरावांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "हें भजन कुठलं?" त्यांनी घरातल्या तंजावुरी मराठीत विचारलं.

"आतां तुम्हीच सांगा कुठलं तें," ती म्हणाली.

त्यानंतर महिनाभर त्यांनी तिला गावाबाहेरच्या रस्त्यावर रोज पहाटे फिरवलं. हे शेजारी बसून शिकवणं सोपं नव्हतं. बैलगाडी दिसली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, आणि तिथे ब्रेक नसायचा. "क्लच," ते म्हणायचे. ती म्हणायची, "दाबलाय." ते म्हणायचे, "पूर्ण." घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात शिरायची आणि ते पेपर उघडायचे.

नोव्हेंबरात कमलाक्षीने ठरवलं की समुद्राकाठी जायचं. तीन दिवस, सगळी जुनी ठिकाणं. चेन्नईहून मुलीचा, अखिलाचा फोन आला. "आम्मा, टीव्हीवर बघितलंस कां? नागपट्टणमला पाऊस सांगितलाय."

"नोव्हेंबरांत नागपट्टणमला पाऊस नाहीं तर काय पडणार?" कमलाक्षी म्हणाली. "पाऊस थांबायची वाट बघितली तर पोंगल येईल."

सांबशिवरावांनी फोन घेतला. मुलगी आता वडिलांना विनवील म्हणून कमलाक्षी कान देऊन उभी राहिली. ते एवढंच म्हणाले, "पावसांत रस्ता मोकळा असतो. लोक रस्त्यावर धान वाळवत नाहींत." आणि फोन परत तिच्या हातात दिला.

निघाले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. डब्यात पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात, दहीभात आणि वेगळ्या वाटीत डांगर पच्चडी, उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर. नीडामंगलम गेलं, तिरुवारूरही गेलं. दोन्ही बाजूंना सांबा हंगामातल्या भाताची कोवळी रोपं गुडघाभर पाण्यात उभी होती आणि पाऊस एकसारखा, घाई नसल्यासारखा पडत होता. सांबशिवराव प्रत्येक वळणाच्या आधी सांगत होते. "आतां शाळा येईल. मुलं धावत येतात." शाळेला पावसाची सुट्टी होती, तरी तिने वेग कमी केला.

नागपट्टणमला दीपस्तंभाच्या मागच्या गल्लीत लग्नानंतरची दोन वर्षं त्यांनी काढली होती. शेषम्मा त्यांच्या घरमालकीण. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या, एका कानाने ऐकू येणाऱ्या, पण दारात आवाज झाला की सगळ्यांच्या आधी बाहेर येणाऱ्या. गाडी थांबली, सांबशिवराव डावीकडून उतरले, कमलाक्षी उजवीकडून. शेषम्मांनी गाडीत वाकून बघितलं.

"ड्रायव्हर कुठे आहे? त्यालाही आत बोलाव. कॉफी पिऊं दे."

"मीच ड्रायव्हर," कमलाक्षी त्यांच्या चांगल्या कानाशी म्हणाली.

शेषम्मांनी सांबशिवरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग म्हातारीने कॉफीचं नावच काढलं नाही. चपला घातल्या, छत्री घेतली आणि गाडीच्या मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. "मग मला समुद्रावर ने. सहा वर्षं झालीं, कोणी नेत नाहीं. चार गल्ल्या आहेत, पण पाय चालत नाहींत."

तिघं समुद्रावर गेली. पाऊस एवढा होता की उतरता येईना. कमलाक्षीने गाडी वाळूच्या कडेला समुद्राकडे तोंड करून लावली आणि वायपर चालू ठेवला. करड्या लाटा येत होत्या, जात होत्या. शेषम्मा दोन्ही हात पुढच्या सीटवर टेकून बराच वेळ बघत राहिल्या.

"त्सुनामीच्या सालीं माझं शिवणाचं मशीन घेऊन गेला," त्या म्हणाल्या. "आणि पितळेचा हंडा. बघा आतां कसा बसलाय, कांहींच केलं नाहीं जसं."

सांबशिवरावांना हसू आवरेना. मग शेषम्माही हसल्या आणि म्हणाल्या की आता भूक लागली. त्या दिवशी डांगर पच्चडी समुद्रासमोर गाडीतच संपली, आणि वाटी चाटूनपुसून शेषम्मांनीच स्वच्छ केली.

रात्र त्यांच्याकडेच काढून दुसऱ्या दिवशी दोघं दक्षिणेला निघाली. वेळांकन्नीच्या चर्चमध्ये थोडा वेळ थांबली. देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये, जिथे जाईल तिथे मेणबत्ती किंवा दिवा लावायचा हा कमलाक्षीचा जुना नेम होता. पाऊस वाढला. तिरुप्पूंडी सोडल्यावर पुढे गाड्यांची रांग दिसली.

रस्ता पाण्याखाली होता. दोन्हीकडची शेतं आणि रस्ता मिळून एकच तळं झालं होतं, साधारण फर्लांगभर. एक ट्रॅक्टर पलीकडून येऊन गेला तेव्हा पाणी त्याच्या चाकाच्या अगदी तळाशीच लागलं, म्हणजे खोल नव्हतं. पण रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. एक मोटार आधीच डावीकडे उतरून चिखलात तिरपी उभी होती. तिच्यातली माणसं रस्त्यावर भिजत उभी होती. बाकीचे ड्रायव्हर काचा खाली करून एकमेकांना सल्ले देत होते, पण पहिला जायला कोणी तयार नव्हता.

कमलाक्षीने हँडब्रेक ओढला. "परत जाऊं," ती म्हणाली. "नागपट्टणमलाच राहूं."

सांबशिवराव काचेतून बघत होते. "ती गाडी कां पडली ठाऊक आहे? मधें मोरी आहे. मोरीनंतर रस्ता उजवीकडे वळतो. पाणी असलं कीं सगळे सरळच जातात." त्यांनी नेसलेली वेष्टी गुडघ्यावर दुमडून बांधली, छत्री उचलली.

"कुठे निघालां? तुम्हांला कडेचं दिसत नाहीं."

"कडेचं पायाला दिसतं," ते म्हणाले. "तूं माझ्या पाठीकडे बघ. पहिला गिअर. कुठेच थांबूं नकोस, एक्सिलरेटर सोडूं नकोस."

ते उतरले आणि पाण्यात चालू लागले. पाणी पिंढरीपर्यंत आलं. उजव्या पायाने डांबर चाचपत, डाव्या पायाने कडेची माती चाचपत ते पुढे सरकत होते, छत्री मिटून काठीसारखी धरलेली. कमलाक्षीने एकदा श्वास घेतला आणि क्लच सोडला. गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणी फाकत गेलं. तिला दुसरं काहीच दिसत नव्हतं, फक्त भिजलेला पांढरा सदरा आणि वर केलेला हात. हात डावीकडे झाला की ती डावीकडे. मोरीवर आल्यावर ते थांबले. तिला थांबायचं नव्हतं, म्हणून तिने अर्धा क्लच दाबून इंजीन घुमत ठेवलं. पण ते फक्त अंदाज घेत होते. मग त्यांनी हात पूर्ण उजवीकडे केला आणि ती जिथे सगळ्या दुनियेला सरळ जावंसं वाटलं असतं तिथे उजवीकडे वळली. चाकाखाली डांबर लागलं. पाणी कमी होत गेलं. पलीकडे आल्यावर तिने हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मागे बघितलं तर तिच्या मागोमाग सगळी रांग निघाली होती. त्यात वेदारण्यमची सरकारी बसही होती. बस बाजूला येऊन थांबली आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पन्नाशीचा, मिशा पिकलेला. "अण्णे?" तो तमिळमध्ये म्हणाला. "सांबशिवम अण्णे, तुम्हीच कां? मी सुंदर. तुमच्याबरोबर दोन वर्षं रिलिफला, बदली ड्रायव्हर म्हणून होतों."

सांबशिवराव पायांवरच्या चिखलासकट बसच्या दाराशी गेले. प्रवासी खिडक्यांतून बघत होते. सुंदरने विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

"माझी बायको," सांबशिवराव म्हणाले. ते इतक्या मोठ्याने बोलले की मागच्या सीटवरच्या बाईनेही मान वर केली. "मी फक्त रस्ता दाखवला."

एका म्हाताऱ्या प्रवाशाने कमलाक्षीला हात जोडले. तिनेही गाडीतूनच जोडले. सुंदर पुढे निघून गेला, आणि जाताना उगाच एकदा लांब हॉर्न वाजवला.

सांबशिवराव आत बसले, टॉवेलने डोकं पुसलं. वेदारण्यमची मिठागरं लागली, सगळी पाण्याने भरलेली, कडेला ताडपत्री टाकलेले मिठाचे ढीग. क्लच, गिअर, वळण, काहीच ते सांगत नव्हते. कमलाक्षीला वाटलं बरं नाही की काय. तिने बघितलं तर ते डावीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

"कमला, एक सांगूं?" ते म्हणाले. "चौतीस वर्षं ह्या काठानं गेलों. समुद्र मी जातांना पाहिलाच नाहीं. पुढच्या रस्त्याकडेच बघत होतों. प्रवासी म्हणायचे, बघा बघा, पक्षी आलेत. मी म्हणायचों, तुम्ही बघा."

"मी बघायचे," ती म्हणाली. "तुमच्या मागच्या सीटवरून. माझ्या सुट्टीच्या दिवशीं मला घेऊन यायचां ना, तेव्हां. तुम्हांला सांगावंसं वाटायचं. पण ड्रायव्हरशीं बोलूं नये अशी पाटी असायची."

"माझ्याच बसमध्यें?"

"तुमच्याच."

कोडियक्करैला पोहोचले तेव्हा पाऊस थोडा हलका झाला होता. दलदलीच्या पाण्यात लांबवर रोहित पक्ष्यांची एक गुलाबी रेघ उभी होती, शेकडो, सगळे पावसाकडे पाठ करून. कमलाक्षीने गाडी थांबवली. सांबशिवरावांना कडेचं धूसर दिसत होतं, पण समोरचं चांगलं दिसत होतं, म्हणून तिने गाडी पक्ष्यांकडे तोंड करून वळवली. तो अरुंद रस्ता होता. गाडी पुढे-मागे सात वेळा घ्यावी लागली. त्यांनी मोजलं, पण बोलून दाखवलं नाही. मग अर्धा तास दोघांनी पक्षी बघितले आणि उरलेला चिंचेचा भात खाल्ला.

ती रात्र वेदारण्यमला काढून तिसऱ्या दिवशी मुत्तुपेट्टै, अदिरामपट्टिणम करत दोघं मनोऱ्याला पोहोचली. समुद्राकाठचा तो आठ मजली बुरूज सरफोजीराजांनी बांधला. लग्नाच्या वर्षी एकोजीमामांच्या जीपमध्ये बसून ती दोघं इथे आली होती, अकरा नातेवाईकांसकट, आणि एकमेकांशी एकही शब्द बोलली नव्हती. ह्या वेळी पहारेकरी सोडून तिथे कोणीच नव्हतं. दोघं छत्रीत बुरुजाभोवती फिरली. एक पायरी निसरडी होती तिथे त्यांनी तिचा हात धरला. पुढे पायऱ्या संपल्या, कोरडी फरशी लागली, तरी धरलेलाच होता.

"एकोजीमामा बघतील," ती म्हणाली.

"बघूं दे. वर गेलेत, वरून चांगलं दिसतं."

पट्टुक्कोट्टैवरून परत येताना सांबशिवराव झोपले. डोकं खिडकीला टेकून, तोंड थोडं उघडं. समोरून लॉरी आली, कमलाक्षीने कडेला घेतली, खड्डा चुकवला, ओरत्तनाडूच्या बाजारात गाई बाजूला व्हायची वाट बघितली, आणि ते जागे झाले नाहीत. तिने वेग कमीच ठेवला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या. जाऊ दिल्या.

तंजावुरच्या गल्लीत शिरली तेव्हा चार वाजले होते. तिने एकाच दमात गाडी मागे घेऊन दारात लावली. ओल्या कपड्यांची पिशवी उतरवली आणि आधी रसमचं पाणी चुलीवर ठेवलं. खाली सांबशिवराव शेजारच्या गुरुमूर्तींना मोरीची गोष्ट सांगत होते. पाणी आता त्यांच्या कमरेपर्यंत आलं होतं. कमलाक्षीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. अखिलाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आम्ही बरे आहोंत. हें बघ, तूं शिकलेली आहेस, नकाशा बघून सांग. मनोऱ्याच्या पुढें तोच रस्ता रामेश्वरमला जातो कां?"